व्हॅक्यूमचा व्हॅक्यूम

ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलमध्ये धुळीला कोणी नावं ठेवत नाही. शिशाच्या खाणीनं गावाच्या पोटाला घातलं, तिचीच ही धूळ. मर्व्ह पेंगेलीचं घर तर तीस वर्षं त्या धुळीवरच चाललेलं. गावातले बिघडलेले व्हॅक्यूम क्लीनर तो दुरुस्त करायचा. पुढे घर, मागच्या अंगणात पत्र्याची शेड. आलेलं यंत्र उघडायचं, कॉम्प्रेसरच्या हवेनं आतली धूळ फुंकून काढायची, मग मोटरला हात लावायचा. धूळ अंगणभर उडायची, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची. बायको होती तोवर ओरडायची. ती गेली आणि ओरडणारंही कोणी उरलं नाही.

मग मुलगी लिनेट नवऱ्यापासून वेगळी झाली आणि वर्षाच्या टिलीला घेऊन माहेरी आली. म्हाताऱ्याच्या जिवाला पालवी फुटली. टिली अंगणात रांगायची, मूठभर माती तोंडात घालायची, आणि मर्व्ह हसायचा.

त्या मंगळवारी लिनेट दवाखान्यातून आली ती दारातच थांबली.

“बाबा, टिलीच्या रक्तात शिसं निघालंय. चौदा. पाचाच्या आत हवं.”

“अगं, इथल्या सगळ्याच पोरांच्या…”

“सगळ्यांच्या नाही! घरात कुणी धुळीचं काम करतं का, असं नर्सनं विचारलं. काय सांगू? माझा बाप गावभरची धूळ गोळा करून अंगणात पेरतो म्हणून?”

पोरगी लिनेटच्या कडेवर शांत झोपली होती.

“रविवारी मी हिला घेऊन ॲडलेडला मावशीकडे जातेय,” लिनेट म्हणाली. “त्याआधी काही करता आलं तर बघ.”

कॉम्प्रेसर त्यानं तेव्हाच बंद केला. पण शेडमध्ये तेवीस यंत्रं पडून होती आणि प्रत्येकाच्या पोटात तेच विष. कण न उडवता ती रिकामी करायची तर धूळ ओढूनच घ्यायला हवी. म्हणजे व्हॅक्यूम साफ करायला व्हॅक्यूम. शेडमध्ये त्यांचा तोटा नव्हता, पण वापरायचा कुठला?

बुधवारी त्यानं शेडच्या खिडक्या लावून घेतल्या, अंधार केला, फरशीवर टाल्कम पावडर सांडली. एकेका यंत्रानं ती ओढायची आणि मागून बाहेर पडणाऱ्या हवेवर टॉर्चचा झोत धरायचा. पहिला त्याचा लाडका पिंप-व्हॅक्यूम, पायातला मोजा ओढून घेईल असा जोर. झोतात पांढरा धूर दिसला. याच यंत्रानं मर्व्ह रोज शेड झाडायचा. दुसऱ्यानं पावडर धरली, पण डबा रिकामा करताना ढग उठला. तिसऱ्याला कोरी पिशवी घातली, कोरा फिल्टर लावला, सांध्यांना चिकटपट्टी गुंडाळली. तरी झोतात कण चमचमत होतेच. गुरुवारी संध्याकाळी तो बेकरीवाल्यासारखा पांढराफटक होऊन फरशीवर बसला आणि डोकं भिंतीवर आपटू लागला.

शुक्रवारी मर्व्हनं जो व्हेला नावाच्या मित्राला गाठलं. हा मित्र जुन्या घरांतलं, फुप्फुसांना घातक असलेलं ॲस्बेस्टॉस काढायचा.

“हे घे,” जोनं आपलं यंत्र पुढे ढकललं. “यातून मागे नुसती हवा येते. माझी फुप्फुसं आहेत ही, सांभाळून वापर.”

मर्व्हनं हँडल धरलं. दोन दिवस उरले होते. मग त्यानं हात मागे घेतला.

“जो, याच्या नळीत ॲस्बेस्टॉस असणार रे.”

“थोडंफार असेल.”

“शिशाला भिऊन हे घरात नेऊ? जिथे पोर रांगते तिथे?”

जोनं यंत्र परत मागे ओढलं. म्हणाला, “मग कोरं मागव. पण यायला आठवडा लागेल, मित्रा.”

मर्व्हनं मागवलं. रविवारी लिनेटनं गाडीत सामान भरलं. “बाबा, रागावून नाही जात,” ती म्हणाली. पण टिलीला तिनं त्याच्या हातात दिलं नाही. त्यानंही मागितलं नाही.

यंत्र आलं. पावडर ओढली, झोत धरला. एक कण नाही. आठवड्यापूर्वी हे दिसलं असतं तर तो नाचला असता. तोंडावर मास्क चढवून त्यानं तेवीस यंत्रं साफ केली, मग गालिचे, मग छताच्या आतली पोकळी. अंगणातली माती वीतभर खरवडून काढून दूर पाठवून दिली.

पाहणीला नर्स आली. तिनं सगळं बघितलं आणि विचारलं, “मर्व्ह, तुमचं रक्त कधी तपासलंत?”

“मी काय माती खातो?”

“हात का थरथरतोय मग?”

“वय झालं.”

त्याचा आकडा एकेचाळीस निघाला. नर्सनं शेडला कुलूप लावायला सांगितलं आणि त्यानं मुकाट्यानं लावलं.

दोन महिन्यांनी लिनेटचा फोन आला. “नऊवर आलंय, बाबा.”

“मग येताय?”

“भेटायला येऊ. राहायला नाही.”

“बरं,” मर्व्ह म्हणाला.

ईस्टरला त्या आल्या, उतरल्या मोटेलात. मर्व्ह आंघोळ करून, दुकानातून नवाकोरा आणलेला शर्ट घालून तिथे गेला. टिली आता चालत होती. तिनं त्याला ओळखलं नाही, आईच्या पायामागे दडली. मर्व्हनं हाक मारली नाही. दाराशीच फरशीवर बसला आणि वाट बघत राहिला.