गेटाच्या अलीकडचा धूर

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे, आणि आधीच सांगून टाकतो, हा हिरवा रंग मी मागितला नव्हता. मी निळा होतो. माझा पहिला मालक सहादू. त्यानं मला नगरहून पाथर्डीकडच्या आपल्या गावी आणलं, तेव्हा माझ्या काचेवर मोठ्या अक्षरांत 'जय भीम' लिहिलं होतं. त्याची बायको चांगुणाबाई हिनं माझ्या चाकांवर पाणी घातलं आणि सगळी आळी मला हात लावून बघून गेली. त्या कौतुकावर मी कितीतरी वर्षं ओझी वाहिली. नगरजवळच्या नागापूरच्या कारखान्यातले लोखंडी सुटे भाग भरायचे, घाट उतरायचा आणि समुद्रावरच्या बंदरात पोचवायचे, हे माझं काम.

सहादू वारला. आता मला त्याचा मुलगा सम्राट चालवतो. माणूस कष्टाळू, पण समोरच्याचं पुरतं ऐकायच्या आधीच कामाला लागतो.

यंदा बंदरानं जाहीर केलं, की हवामान बिघडत चाललंय, तेव्हा आम्ही आमच्या आवारातला धूर शून्यावर आणणार आणि आत फक्त हरित वाहनं घेणार. कारखान्याच्या मॅनेजरनं सम्राटला फोनवर सांगितलं, "गाडी हरित पाहिजे. या खेपेला बोट चुकली, तर तुझं काम दुसऱ्याला देईन." फोन ठेवला आणि सम्राट थेट रंगाचे डबे घेऊन आला.

"आरं, तुज्या बापाची निळी गाडी हाय ती!" चांगुणाबाई कळवळून म्हणाली.

"आये, नियमच हाय तसा. हरित म्हंजी हिरवी."

मला तोंड असतं तर मी तिथंच ओरडलो असतो. अरे बाबा, त्यांना विजेवर चालणारी, धूर न सोडणारी गाडी हवी आहे! पण ट्रकचं कोण ऐकणार? साधा हॉर्नही मला आपल्या मनानं वाजवता येत नाही.

बंदराच्या गेटाबाहेर ट्रकांची ही लांब रांग. कुणीही इंजिन बंद करत नव्हतं, कारण पुढं सरकायला जरा उशीर झाला की मागचा मध्ये घुसतो. आम्ही सगळे उभ्या उभ्या डिझेल जाळत होतो आणि समोर फलक होता, 'धूरमुक्त बंदर'. माझं डोकं फिरलं. धूर काय गेटावर पास दाखवून थांबतो?

"ही हरित गाडी?" पहारेकऱ्यानं विचारलं.

"दिसत न्हाई व्हय? परवाच रंगवली."

पहारेकरी पोट धरधरून हसला. त्यानं इतरांनाही बोलावून मला दाखवलं. सम्राटचा चेहरा पडला. लाज मलाही वाटली, पण त्याहून जास्त राग आला.

शेवटी बंदराचे एक साहेब आले. बोट सुटायला आली होती, म्हणून त्यांनी माझ्यावरचा माल विजेच्या गाडीवर चढवून आत नेला. खेप पोचली. नगरपासून सोडलेला माझा सगळा धूर गेटाच्या अलीकडेच राहिला, म्हणजे त्यांच्या हिशेबी तो झालाच नाही!

"पुढच्या वेळी ही गाडी आणू नकोस," साहेब समजुतीनं म्हणाले. "तिकडे गावाकडे विकून टाक. तिकडे चालते असली."

सम्राटनं खिडकीतून हात घालून माझं इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "साहेब, तिकडं माजी आय ऱ्हाती."



मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे. मला खुशाल मोडीत काढा, मी वाईट वाटून घेणार नाही. सम्राटसारख्यांना परवडेल अशी विजेची गाडी तेवढी मिळवून द्या. पण बंदरातून हाकलून मला कुणाच्या अंगणात धूर सोडायला पाठवू नका. तिथंही माणसं श्वास घेतात.