जेंगेचं काम

घंटी वाजली. माझं धाकटं बाळ नुकतंच झोपलं होतं, घर चिडीचूप होतं, आणि दुधातून साय काढायचं यंत्र एकाएकी टिणटिणू लागलं. हँडल सावकाश फिरलं की त्यातली घंटी वाजते. बेगिमायच्या हातून कधी वाजत नाही.

मी पडवीत गेले. ती हँडल धरून नुसती उभी होती. जूनच्या उकाड्यात कमरेला स्वेटर बांधलेला.

"काय गं, उभ्या उभ्या झोप लागली?"

"पोट दुखतंय."

"कच्चे जर्दाळू खाल्लेस ना?"

"नाही." मग खाली बघत म्हणाली, "जेंगे, आपाला सांगणार नसाल तर सांगते. मला बहुतेक मोठा आजार झालाय."

तिने स्वेटर सोडला. स्कर्टवरचा डाग पाहून मला कळलं.

बेगिमाय अकरा वर्षांची. माझ्या सासूबाईंना ती आपा म्हणते, म्हणजे आई. मला जेंगे, म्हणजे वहिनी. तिला जन्म मी दिला, एकोणिसाव्या वर्षी. पण आमच्याकडे पहिलं मूल आजी-आजोबांचं. चाळिसाव्या दिवशी सासूबाईंनी तिला आपल्या कुशीत घेतलं आणि माझी मुलगी माझी नणंद झाली. कुणी वाईट वागलं नाही. त्यांनी तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. फक्त तिचे केस विंचरायचे झाले, तर मी आधी त्यांना विचारते.

मला हे झालं तेव्हा माझ्या आईने जुन्या चादरीचा तुकडा पुढे केला आणि म्हणाली, "आता खाली बघून चालत जा." वर्षभर मी खाली बघून चालले. मुलाशी बोललं तरी दिवस जातात, असं वाटायचं. लग्नाच्या दिवशीसुद्धा मला फारसं जास्त ठाऊक नव्हतं. बेगिमायला तसं अजाण सासरी पाठवायचं नव्हतं मला. पण सांगायचा हक्क तिच्या आपाचा.

तेवढ्यात सासूबाई गाय बांधून आल्या. एका नजरेत ओळखलं त्यांनी.

"अगं बाई, एवढ्यात? अजून हिच्या बाहुल्यांची लग्नं लागायचीत."

"आपा, तुम्ही सांगता का तिला?" मी विचारलं.

"मी? मला कुणी सांगितलं होतं? कान बघ माझे, शरमेने कसे तापलेत." त्यांनी डोक्याचा रुमाल पुढे ओढला. "हे जेंगेचं काम. नणंदेला वहिनीच सांगते, पहिल्यापासून. तू जेंगे आहेस ना तिची?"

"आहे."

"मग सांग. नीट सांग, घाबरवू नकोस पोरीला. मी बसते बाळापाशी." दारातून वळून म्हणाल्या, "आणि चहा दे तिला, लोणी घालून."

ज्या शब्दाने अकरा वर्षं तिला माझ्यापासून लांब ठेवलं, त्याच शब्दाने आज ती माझ्या हाती आली.

मी पाणी तापवलं, माझे पॅड काढून दिले, कसे लावायचे ते दाखवलं. मग चहाचे वाडगे घेऊन आम्ही दोघी पडवीत बसलो.

"हा आजार नाही. पोटात बाळासाठी दर महिन्याला गादी घातली जाते. बाळ नसलं की ती मोडते आणि रक्तातून बाहेर जाते."

"दर महिन्याला? सुट्टीतसुद्धा?"

"सुट्टीतसुद्धा."

"काय कटकट आहे."

मला हसू आलं. तिचे प्रश्न संपेनात. घोड्यावर बसायचं का? बस. मुलांशी बोलायचं का?

"बोल की. वर बघून बोल. बोलण्याने काही होत नाही. पण तुला नको असताना कुणी अंगाला हात लावला, तर ओरडायचं आणि मला सांगायचं. कोणीही असो."

"आपले पाहुणे असले तरी?"

"तरी."

तिने चहावर फुंकर घातली. मग हळूच म्हणाली, "जेंगे, मी तुमच्या पोटातली ना? मला तिसरीपासून माहितेय. आपाला वाईट वाटेल म्हणून बोलत नाही."

मी मान डोलावली.

"मग मला पहिलं बाळ झालं," तिने वाडगा खाली ठेवला, "आणि माझ्या सासूने हात पुढे केले, तर मी काय करायचं?"