पाठमोरा बंगला

मी एक जुना बंगला आहे, मित्रांनो, शहराच्या बागेत उभा असलेला. तुमच्यातल्या पुष्कळांनी मला पाहिलं असेल. पण खरं सांगू? कित्येक वर्षं लोकांनी पाहिली ती माझी पाठ. तोंड कुणी पाहिलंच नव्हतं.

मला बांधलं तेव्हा इथे बाग नव्हती. रोपवाटिका होती, आणि तिच्या खालच्या अंगाला तळ्याकाठचा गाडीरस्ता. रोपवाटिकेच्या मालकांनी त्या रस्त्याकडे तोंड करून मला उभारलं. काळ्या दगडाचं जोतं, चुन्यात बांधलेल्या हातभर जाड भिंती, वर कौलं. पुढे लाकडी खांबांचा व्हरांडा, तोही उगवतीला, म्हणजे कोवळ्या रोपांना सकाळचं ऊन मिळावं. त्याच्या पायऱ्या मुद्दाम रुंद आणि बुटक्या, कारण जड कुंडी दोघांनी धरून उतरवायची असते. दारांच्या माथ्यावर रंगीत काचा. मालकीणबाईंनी गवंड्याला बजावलं होतं, "खिडक्या खाली घ्या हो. माझ्या पोरांना बाहेर बघायला टाचा उंच करायला लागू नयेत."

"बाई, मग पोरं खिडकीतूनच पळतील," गवंडी म्हणाला.

"पळू देत की! दारातून तरी कुठे सरळ जातात?"

आणि पोरं पळालीच. माझ्या खिडक्यांनी त्यांना कधी अडवलं नाही.

माझ्या मागच्या बाजूला स्वयंपाकघर होतं. तिथे धुराडं, सांडपाण्याचा नळ, एक अरुंद दार आणि भांडी घासायचा दगड. अशी एक बाजू प्रत्येक घराला असते, त्यात लाजायचं काय?

रोपं न्यायला लोक लांबून यायचे. पायरीवर टेकायचे, पाणी प्यायचे, गप्पा हाणायचे. कुंडी उचलली की मालक हमखास म्हणायचे, "सांभाळून हं! फांदी मोडली तर नवी फुटेल, पाय मोडला तर फुटणार नाही." तेच वाक्य रोज, आणि हसणारे रोज नवे.

पुढे मुलं मोठी होऊन दूर गेली. म्हातारपणी मालकांनी ही जमीन माझ्यासकट शहराला बागेसाठी देऊन टाकली. नेमका तेव्हाच नवा हमरस्ता झाला, तो माझ्या स्वयंपाकघराच्या अंगाने. बागेचं फाटक रस्त्यावर हवं आणि वाट सरळ हवी. नकाशावर कुणीतरी पट्टी ठेवली, रेघ ओढली, आणि ती रेघ थेट माझ्या भांडी घासायच्या दगडापाशी येऊन थांबली. झालं! स्वयंपाकघराचं दार 'पुढचं' ठरलं आणि त्याला कुलूप लागलं. व्हरांडा गेला 'मागे'. तिथे फुटके बाक आले, खताची पोती आली. वेलीने खांब गिळले, गाडीरस्ता बांबूंनी.

येणारे जाणारे धुराड्याकडे बघून नाक मुरडायचे. "कसला हा भुंडा बंगला!" तेच नाव पडलं, भुंडा. वाईट वाटलं नाही असं कसं म्हणू? पण आपला चेहरा आपल्याला ठाऊक असला की पाठ ताठ राहते.

मग एके सकाळी बागेचे इंजिनियरसाहेब आले आणि त्यांनी माझ्या भिंतीवर खडूने भली मोठी फुली मारली. मला पाडून तिथे गाड्या लावायची जागा करायची होती. पाडण्याआधी मोजमापं घ्यायला आर्किटेक्ट ताई आल्या. पाळणाघर बंद होतं म्हणून नुकती चालू लागलेली लेक कडेवर. सोबत बागेला पाणी घालणारे पाईपकाका. त्यांच्या खांद्यावर पाईप नाही असं कुणी कधी पाहिलेलं नाही.

"आटपा ताई," साहेब म्हणाले. "यात बघण्यासारखं काही नाही."

"मी आटपीन हो, ही आटपू देईल तेव्हा ना!"

टेप काढायला ताईंनी लेकीला खाली ठेवलं मात्र, ती लुटुलुटु कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली. "अगं ए चिमणे, काचा असतील तिकडे!" करत काका धावले, त्यांच्यामागे ताई.

चिमणी माझ्या व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती. नुसती बसली नव्हती, मावली होती. पायरी मधोमध झिजून वाटीसारखी खोलगट झाली होती आणि ती त्यात अशी चपखल बसली होती, जणू मापाने घडवून घेतली असावी. ताईंनी उचलायला हात पुढे केले आणि तसेच थांबवले. मग बोटांनी दगड चाचपला.

"काका, इकडून कोण येतं जातं?"

"इकडून? मांजरं."

"मांजरांनी दगड नाही झिजत." ताई तडक पलीकडे गेल्या, कुलूपबंद दाराचा उंबरठा पाहून परत आल्या. "साहेब, इकडे या बरं! तिकडचा उंबरठा जवळजवळ कोरा आणि इकडची पायरी एवढी झिजलेली? हा बंगला भुंडा नाही हो. इतकी वर्षं आपणच मागच्या दाराने येतोय."

साहेबांनी वेल बाजूला केली. आतून खांब निघाला. मग दुसरा. मग उन्हात लाल काच चमकली. साहेबांनी चार पावलं मागे सरून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पण ताई, गाड्या कुठे लावू?"

"त्या बांबूंच्या तिथे काय आहे?"

"तिथे कुदळच चालत नाही," काका म्हणाले. "हातभर गेली की दगड लागतो. सगळीकडे एकसारखा."

"म्हणजे रस्ता असणार! गाड्यांचीच जागा ती."

रस्ताच निघाला. साहेबांनी वर जाऊन भांडून माझं पाडणं रद्द केलं, फाटकही इकडे आणलं. परत आल्यावर ते रुमालाने फुली पुसू लागले, तर काका म्हणाले, "सरका साहेब. आयुष्यभर हा पाईप वाहतोय तो कशासाठी?"

आता व्हरांड्यात मुलं गोष्टी वाचत बसतात. खिडकीतून पळतातसुद्धा.

मित्रांनो, माझ्या खांबांवर नावं कोरू नका, काचांवर नेम धरू नका. पण मला जपायचं म्हणून पुन्हा कुलूपही लावू नका. या, त्या पायरीवर बसा. एका वेळी एकच मावतं, तेव्हा रांग लावा. "पायरी झिजेल ना," असं कुणी म्हणालं, तर त्यांना सांगा, ती झिजली होती म्हणूनच मी उभा आहे.