बाळंतिणीचं वावर

आमच्या संशोधन संस्थेत खंडेनवमीला शस्त्रपूजा होते. शस्त्रे नसल्यामुळे ती संगणकांची होते. परंपरेप्रमाणे त्या दिवशी आयुधांना विश्रांती द्यायची असते. संचालक राजेंद्र सरांनी ती शब्दशः दिली. माझ्या टेबलावरचा संगणक चालू होता आणि पडद्यावर मी चिठ्ठी चिकटवली होती : 'काम चालू आहे. बंद करू नये.' त्या चिठ्ठीवरच कुंकवाचे बोट उमटवून सरांनी भिंतीतली पिन उपसायला लावली. वायरमुळे हार नीट बसत नव्हता, म्हणे.

सुट्टीनंतर डेटाबेस उघडेना. 'फाइलचे स्वरूप ओळखता येत नाही', एवढेच उत्तर.

त्या एका फाइलमध्ये शेंद्र्याकडच्या, आता कारखान्यांखाली गेलेल्या शिवारांची नावे होती. सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो, नाव नसते. नावे होती ती भामाबाईंच्या तोंडात : उपाशी पट्टी, कोल्हेटेक, बाळंतिणीचं वावर. जन्मभर परक्यांच्या रानात खुरपलेल्या या बाई माझ्याशेजारी खुर्चीत मांडी घालून सांगत आणि मी टंकत असे. आवाज मुद्रित करू देत नसत. "माझा आवाज माझ्यासंगं जाईल," म्हणत. उन्हाळ्यात तो त्यांच्यासंगं गेला. त्यांची शेवटची बैठक मुख्य तक्त्यात जोडली जात असतानाच विश्रांतीचा मुहूर्त आला.

"दुसरी प्रत असेल ना?" सरांनी विचारले.

"वेगळी डिस्क मागितली होती. तुम्ही 'अनावश्यक' असा शेरा मारलात. आणि पेनड्राइव्हवर बंदीचं परिपत्रक तुमचंच आहे."

"जाऊ द्या हो मॅडम, जुनं कशाला उकरता? कॉम्प्युटरच्या दुकानातल्या शिवमला बोलावतो."

"बोलवा. पण दुरुस्ती प्रतीवर करायची. मूळ फाइलला हात लावायचा नाही."

परिपत्रक मोडून मी तेव्हाच एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि तासाला गेले. परत येईपर्यंत शिवमने मूळ फाइलवरच दुरुस्ती चालवली होती.

"सरच म्हणले, तपासणीची समिती यायलीय, पटकन उरकून टाक," तो म्हणाला.

तक्ता उघडला होता. नावे होती, गट क्रमांक होते. भामाबाईंच्या कथनाच्या रकान्यात मात्र चिनी अक्षरे.

"आला की डेटा!" सर प्रसन्न झाले. "हे चिनी काढा अन् तिथं गटाचं क्षेत्रफळ टाका. रकाना भरलेला दिसला पाहिजे."

"ही चिनी नाही, सर. मोडून भलतीकडे जोडलेली भामाबाईंची मराठी आहे."

"तुम्ही लई मनाला लावून घेता. पूजेनं फाइल बिघडते व्हय?"

"पूजेनं नाही. पिन उपसल्यानं."

शिपाई गोकुळ चहा घेऊन दारात उभा होता. "म्या म्हणलो व्हतो सर, कंप्युटरची लाईट लुकलुकायलीय म्हणून."

"तू चहा ठेव."

गारखेड्यातल्या घरी मी ती प्रत डेटाबेस म्हणून उघडलीच नाही. फाइलमध्ये जे आहे ते जसेच्या तसे दाखवणारा साधा प्रोग्राम घेतला. पानेच्या पाने निरर्थक खुणा, आणि मध्येच, गाळात रुतलेल्या मण्यासारखी, मराठी. एकेक तुकडा उचलून त्याच्या शिवाराला जोडत गेले. पुढचे दोन रविवार त्यातच गेले. बहुतेक कथन परत आले. शेवटची बैठक मात्र अर्धीच लिहिली गेली होती :

'बाळंतिणीचं वावर. माझी माय तिथं ज्वारी काढता काढता बाळंत झाली. नाळ इळ्यानं तोडली. म्या त्याच वावरातली. मालक बांधावर आला आन् म्हनला,'

पुढे शून्ये. ओळीमागून ओळ, नुसती शून्ये.

सरांनी ते वाचले. "मालक काय म्हणाला ते तुम्हाला आठवत असेल की. लिहून टाका."

"आशय आठवतो. शब्द त्यांचे होते."

"मग 'आस्थेनं विचारपूस केली' असं टाका. त्या मालकाच्या घरचे एक जण समितीत आहेत. बरं दिसेल."

अन्यायाची भाषा कशी घडते यावर मी वर्गात पुष्कळ बोलले आहे. ती इतक्या सहज, चहाचा घोट घेता घेता घडताना प्रथमच पाहिली.

मी वाक्य स्वल्पविरामावरच ठेवले. शेजारच्या रकान्यात नोंदवले : 'पुढील कथन खंडेनवमीस, संचालकांच्या आदेशाने चालू संगणकाची पिन उपसल्यामुळे नष्ट.' पुरावा म्हणून कुंकवाची ती चिठ्ठी परिशिष्टात जोडली आणि अहवाल सहीसाठी समोर ठेवला.

"हे काढा."

"तुमची दुरुस्त फाइल आहेच, सर. ती द्या, चिनीसकट. ही हवी असेल तर शेऱ्यासकट."

"मॅडम, तुम्ही मला अडवताय."

"नाही. विश्रांती देतेय."

खाली फाटकाशी हॉर्न वाजला. गोकुळ धावत आला. "सर, समिती आली!"

सरांनी अहवालावर शेऱ्यासकट सही केली, पेन माझ्या टेबलावर टाकले आणि स्वागताला उतरले. हार तयार होतेच.