कॉलरमधला नाडा

रितेश आंघोळीला गेला तशी कुसुमताईंनी खोलीला कडी लावली आणि त्याचा भगवा कुर्ता उचलला. खाली विद्यानगरच्या चौकात विसर्जनाचा ट्रक उभा होता, ढोल सुरू झाले होते आणि सुईत दोरा काही केल्या जात नव्हता.

रितेश तान्हा असताना तापानं हातचा जायची वेळ आली होती. त्याच्या वडिलांनी, हणमंतरावांनी, त्याला थेट मोहरमच्या सवारीखालून, मिरवणुकीतल्या पीराच्या पंजाखालून नेलं. पोर जगलं तर दरसाल पीराचा नाडा, मंतरलेला दोरा, त्याच्या मनगटाला बांधू, असा नवस बोलले. तेव्हा ते राहायचे त्या जुन्या वस्तीत, जामबागेत, घरोघरी हे चालायचं, कुणाला त्यात वावगं वाटत नसे. पोर जगलं. पुढे हणमंतराव गेले आणि नवस कुसुमताईंच्या गळ्यात पडला.

गेल्या मोहरमला मात्र रितेशनं तो लाल-हिरवा नाडा त्यांच्यादेखत तोडून फेकला. "नक्को आई, मंडळातली पोरं बघतात." यंदा मनगटच पुढे केलं नाही. आणि आज तो ट्रकवर, विजेच्या तारांखाली उभा राहणार! दिलेला शब्द मोडल्यावर पीर सोडेल? आणि नाडा दिसला तर मंडळाचा श्रीकांत सोडेल? परवाच तो माइकवरून गरजला होता, "ज्याच्या घरात दुसरं काही चालतं त्यानं ट्रकवर चढू नये." इकडे आड, तिकडे विहीर.

कुर्ता गेल्या वर्षीचाच होता. यंदाचा नाडा आत लपवायला त्यांनी कॉलर उसवली. आत गेल्या वर्षीचा तुटका नाडा होता, वेड्यावाकड्या, पुरुषी टाक्यांनी शिवलेला.

म्हणजे हाही भितो. कुसुमताईंना रडू फुटलं, पण भीती काही उणावली नाही, उलट दुप्पट झाली. नवा नाडा जुन्याशेजारी घालून त्यांनी भराभरा टाके मारले.

"आई, कुर्ता दे!" रितेशनं दार वाजवलं. घालताना त्याचा अंगठा कॉलरवरून फिरला आणि थांबला. त्यानं आईकडे पाहिलं.

"जपून रे."

"हौ."

कुसुमताई बाल्कनीत गेल्या. ट्रकवर सगळ्यांत मोठा आवाज रितेशचाच होता. पण तार जवळ आली की तो खाली वाकायचा आणि त्याचा हात कॉलरकडे जायचा. एकदा गेला, पुन्हा गेला. अरे, हात खाली ठेव, हात खाली ठेव! ओरडावं तर सगळा चौक ऐकणार. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

ट्रकवर रितेशशेजारी उभ्या श्रीकांतनं त्याचा कॉलरकडे जाणारा हात पाहिला. हसत हसत त्यानं रितेशच्या कॉलरला हात घातला.