तांबड्या पिंपातली गोटी

"सायकल त्या झाडाला लाव, बाई. इथून पुढं आणायची नाही," दारातला पोलीस म्हणाला.

मतदानाच्या दिवशी केंद्राजवळ सायकलीला बंदी असते. पडद्यामागे दोन पिंपं असतात, पांढरं सरकारच्या उमेदवाराचं आणि तांबडं विरोधकाचं. हातात काचेची एक गोटी देतात, ती पिंपाच्या नळीत सोडली की आत घंटी वाजते. मत पडलं एवढं बाहेर कळतं, कुठल्या पिंपात ते कळत नाही. सायकलच्या घंटीचा आवाजही हुबेहूब तसाच, म्हणून बंदी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या नवऱ्याची, मलांगची सायकल मी मुद्दाम आणली होती. रांगेतल्या सगळ्यांनी ती बघावी, एवढ्यासाठीच.

सावरीच्या झाडाखालच्या कट्ट्यावर आमचा गावप्रमुख, अल्कालो फोदे, चहा पीत बसला होता. शेजारी पाहुणा म्हणून आलेला सरकारी पक्षाचा माणूस.

"ती सायकल अजून ठेवलीस होय?" फोदेनं विचारलं.

"माणूस गेला. सायकल कुठं जाणार?"

"विकून टाक. गद्दाराची वस्तू घरात कशाला?"

रांगेतलं कुणी हसलं नाही, कुणी हूं की चूं केलं नाही. या गावाला तेवढंच जमतं.

पाच वर्षांपूर्वी पांढऱ्या पिंपात तीनशे बारा गोट्या निघाल्या आणि तांबड्यात एक. आमचं गाव एकगठ्ठा, हा फोदेचा तोरा. त्या एका गोटीनं त्याचं नाक कापलं. मलांग पंक्चर काढता काढता कुणालाही सुनावायचा, मग दुसरा कोण असणार? या घराशी कुणी संबंध ठेवायचा नाही, असं फोदेनं त्याच कट्ट्यावरून सांगून टाकलं.

मलांगनं मत दिलंच नव्हतं. मी हिवतापानं फणफणले होते आणि तो दिवसभर माझ्या कपाळावर ओलं फडकं बदलत बसला होता. मत दिलेल्याच्या बोटाला काळी शाई लावतात. त्याच्या बोटाला ती नव्हती, पण सायकलवाल्याची बोटं कायमच ग्रीसनं काळी. बघतो कोण?

"सांग ना त्यांना," मी रोज म्हणायचे.

"सांगितलं तर दुसरा कुणी शोधतील. ज्यानं टाकली त्याला पोरंबाळं असतील, तिदा." आणि वर हसायचा. "फुकटचा मान मिळतोय, घे की."

मला ते हसू कधीच पटलं नाही. गावातली एकही सायकल त्याच्याकडे दुरुस्तीला आली नाही. पंक्चरं काढायला तो नऊ मैल सायकल हाणत बाजाराच्या गावी जायचा. तिसऱ्या वर्षी छातीत कळ आली आणि गेला. जनाजा उचलायला इमाम, माझा भाऊ आणि एक वाटसरू गाडीवान, एवढेच आले. गावातली दारं बंद होती. आमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. चौथा खांदा मी दिला. इमामानं मान फिरवली, पण मला अडवलं नाही.

त्यानंतर दोन वर्षं मी या दिवसाची वाट बघत होते. आत जाऊन गोटी तांबड्या पिंपात सोडली आणि बाहेर येऊन थेट कट्ट्यासमोर उभी राहिले.

"ऐका सगळे! मोजताना तांबड्यात एक निघेल, ती माझी. उद्या आणखी कुणाचा नवरा धरू नका. गेल्या खेपेला मलांगनं मतच दिलं नव्हतं, माझ्या उशाशी बसला होता. ज्याच्या गोटीपायी तो मेला, तो याच गावात गुमान जेवतोय!"

"बाई, इथं भाषण नाही," पोलीस धावत आला.

"संध्याकाळी बघू," फोदे म्हणाला. "उद्यापासून पंपाचं पाणी बंद तुझं."

"करा बंद. गोटी निघताना मला फक्त तुमचं तोंड बघायचंय, या पाहुण्यासमोर."

पाच वाजता पिंपांची सीलं तोडली. गोट्या भोकाभोकांच्या लाकडी फळीवर मांडून मोजतात. तांबडं पिंप आधी उपडं केलं. मला एका गोटीचा आवाज अपेक्षित होता, पण गोट्या बदाबदा आल्या. एक ओळ भरली, दुसरी भरली.

"एक्केचाळीस," अधिकारी म्हणाला.

फोदेचं तोंड काळंठिक्कर पडलं. पाहुणा त्याच्या हातात हात न देता जीपमध्ये बसला. मी डोळे भरून बघितलं. काळीज थंड झालं म्हणतात ना, तसं झालं खरं. पण घरी पोहोचेपर्यंतच. वाटेत तो आकडा डोक्यात बसला आणि अंगाची पुन्हा आग झाली.

दिवस मावळायच्या आत शेजारची मुस्कुता भाताचा वाडगा झाकून घेऊन आली. पाच वर्षांत पहिल्यांदाच तिनं माझा उंबरा ओलांडला होता.

"वहिनी, आमच्या घरच्या तिन्ही गोट्या तांबड्यात. मनानं आम्ही तुमच्याच बाजूचे."

"कधीपासून?"

"म्हणजे... पहिल्यापासूनच की."

"मलांग गेला तेव्हाही?"

ती वाडग्यावरचं फडकं नीट करत राहिली.

"माझी एक सोड. चाळीस उरतात, मुस्कुता. मला एकच खांदा कमी पडला होता."

वाडगा मी तिच्या हातात परत दिला.

सकाळी सायकलमध्ये हवा भरली, घंटीला तेल घातलं आणि सायकल हातात धरून निघाले. पहिली घंटी फोदेच्या दारात वाजवली. मग मुस्कुताच्या दारात, तीनदा. मग एकही घर सोडलं नाही. प्रत्येक दारापुढं थांबले, पिंपातली वाजते तशीच घंटी वाजवली आणि आतून कुणी येतं का, ते पाहिलं. एकही दार उघडलं नाही.