चावीकाकांचा पाव फेरा

मूल निजलं की आईचे कान जागे राहतात, यात नवल ते काय! पण या आईने त्या सवयीचा धंदाच काढला. लेक जन्मली तेव्हा ती पाळण्याला कान लावून श्वास ऐकायची, आणि न्हाणीघरातला नळ ठिबकला तरी तिला शेजारच्या खोलीत कळायचं. शिकलेली होती इंजिनिअरिंग. म्हटलं, मला भिंतीपलीकडचं ठिबकणं ऐकू येतं, तर यंत्राला जमिनीखालचं का येऊ नये? दोन वर्षं डोकं आपटून तिने मुठीएवढी डबी बनवली. पाण्याच्या पाइपावर बसवायची. गळती असली की आवाजावरून ओळखते. डबीला दिलेलं भारदस्त नाव कुणाच्या जिभेवर बसेना. सगळे म्हणायचे 'कान', म्हणून तीही 'कान'च म्हणू लागली.

कंपनीचा पत्ता म्हणजे जुन्या वाचनालयाचा वरचा मजला. नवा धंदा काढणाऱ्या आठ जणांना पालिकेने तिथे वर्षभरासाठी टेबलं दिली होती. खालच्या मजल्यावर पाळणाघर. बाकीचे सात जण इंटरनेटची तारीफ करायचे, ही पाळणाघराची. लेकीला घरात 'गाठोडं' म्हणत, कारण कितीही नीट बांधून ठेवा, ते सुटायचंच. ते सुटलं की जिन्यावरून आवाज येई आणि ही दोन मिनिटांत खाली पोचे. एवढ्या जवळ लेक आणि काम, दोन्ही कुठल्या नोकरीत मिळणार?

"फुकट देतायत म्हणजे बघ हो," सासूबाई म्हणत, "एका हाताने देतात आणि दुसऱ्या हाताने काढून घेतात."

"आई, ते स्वतःच माझं पहिलं गिऱ्हाईक व्हायला निघालेत."

"मग तर दोन्ही हातांवर लक्ष ठेव."

ती ठेवूनच होती. टेकडीच्या भागात सहा आठवडे बारा कान लावून बघायचे, असं ठरलं होतं. खरे ठरले तर पालिका विकत घेणार आणि टेबल आणखी वर्षभर राहणार. खोटे ठरले तर टेबल सोडायचं, जुनी नोकरी धरायची, दोन बस बदलायच्या, आणि गाठोड्याचं तोंड दिवेलागणीला बघायचं.

पाच आठवडे कान गप्प बसले. सहाव्या आठवड्यात सातव्या नंबरचा कान खालून काढून टेकडीच्या वरच्या गल्लीत हलवला, तसा तो बोंबलू लागला. रोज सकाळी साडेदहाच्या सुमारास, वीस मिनिटं. तिने पाणी खात्याने दिलेलं छापील वेळापत्रक काढलं. वरच्या गल्लीचं पाणी नऊला बंद. बंद पाइपात पाणी वाहतंय म्हणजे गळतीच! तिला इतका आनंद झाला, की तिने त्याच दुपारी पाणी खात्याच्या इंजिनिअर बाईंना फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मुकादम चार माणसं घेऊन हजर. पुरुषभर खड्डा खणला. पाइप ठणठणीत आणि माती अशी कोरडी, की मुठीत धरली तर बोटांतून सांडावी.

"बाई," मुकादम घाम पुसत म्हणाला, "झाडबिड लावायचं असेल तर सांगा. खड्डा तयार आहे."

माणसं हसली. तीही हसली आणि तिने खात्याला फोन लावला. इंजिनिअर बाईंनी फोनवर एवढंच सांगितलं, "शुक्रवारी बैठक आहे. तोवर कारण शोधा. कोरड्या खड्ड्यावर मला सही करता येणार नाही."

गुरुवारी पाळणाघराला सुट्टी होती. गाठोड्याला कडेवर घेऊन ती साडेदहाला वरच्या गल्लीत गेली आणि बुजवलेल्या खड्ड्याशेजारच्या कट्ट्यावर बसली. यंत्रावर विश्वास होता, पण आईचं मन डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुठे ऐकतं?

थोड्या वेळाने खांद्यावर लांब लोखंडी चावी घेतलेला एक म्हातारा वर आला. टेकडीवरच्या पाण्याचे सगळे व्हॉल्व्ह तो उघडायचा, मिटायचा. सगळे त्याला चावीकाका म्हणत. तो गुडघ्यावर बसला, रस्त्यातलं झाकण उचललं, चावी आत घातली आणि अगदी अलगद, दुधाची साय बाजूला करावी तशी, पाव फेरा फिरवली. तिच्या फोनवर सातवा कान बोंबलला.

"काका," ती उठली, "आत्ता काय केलंत?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग फोनकडे. "अरे देवा. खड्डा खणला तो तुझ्या डबीनं?"

"पाणी तर नऊला बंद होतं ना? कागदावर लिहिलंय."

"कागद कचेरीत बसतो, पोरी. टेकडी मी चढतो." काकांनी झाकणाच्या काठावर बूड टेकलं. "वेळेच्या पाण्यात खालचे सगळे नळ सोडतात. वर सूतिकागृह आहे, त्याच्या टाकीत थेंब चढत नाही. बाळंतिणींना काय कागद प्यायला देऊ? खालचे नळ मिटले की मी पाव फेरा देतो, वीस मिनिटं. अकरा वर्षं झाली."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"दोनदा लिहून दिलं. उत्तर आलं, चौकशी चालू आहे." ते हसले. "अजून चालू असेल. पण नियमाबाहेर आहे खरं. तुझ्या डबीनं माझी चहाडी केली बघ."

गाठोड्याने काकांची चावी दोन्ही हातांनी धरली होती आणि ती हलेना म्हणून रागावलं होतं. खरं सांगितलं तर यंत्र खरं ठरतं आणि या माणसाच्या पोटावर पाय येतो. गप्प बसलं तर कोरडा खड्डा आयुष्यभर आपल्या नावावर. मधला रस्ता तिला दिसेना.

"काका, तुमच्या पाठीमागे मी काही सांगणार नाही," ती शेवटी म्हणाली. "उद्या बैठकीला तुम्हीच चला. तुम्ही नाही आलात, तर चूक माझी म्हणून मोकळी होईन."

"त्या खोलीत मी निरोप घेऊन गेलोय. खुर्चीवर कधी बसलो नाही."

"मग बसा एकदा. बघू तरी मऊ आहे का."

शुक्रवारी तिने बैठकीच्या खोलीचं दार ढकललं, तर काका आधीच आत. इस्त्रीचा सदरा, केसांना तेल, आणि खुर्चीच्या अगदी टोकावर, जणू ती कुणाची तरी राखून ठेवलेली होती. इंजिनिअर बाई समोर. काकांनी सगळं सांगितलं, बाळंतिणींसकट.

इंजिनिअर बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे अकरा वर्षं आमचं वेळापत्रक चुकीचं आहे."

"चुकीचं नाही बाई," काका घाईने म्हणाले, "अपुरं."

"आणि तुमच्या यंत्राला," बाई तिच्याकडे वळल्या, "पाव फेरा ऐकू आला?"

"हो. मी त्याला फक्त कागद शिकवला होता. काकांना विचारायला हवं होतं, ते राहिलं. ती चूक माझी."

"आमचीही. आम्ही तुम्हाला टेबल दिलं, कागद दिला, आणि ज्याला खरं माहीत त्याची गाठच घालून दिली नाही." बाईंनी वेळापत्रकावर पेनाने वीस मिनिटं लिहिली आणि सही केली. झाली काकांची चौकशी पूर्ण! मग म्हणाल्या, "सगळ्या शहराचं आत्ता सांगत नाही. दोन भागांसाठी कान घेऊ. टेबल राहील. पण रोज दोन तास काका तुमच्याबरोबर फिरतील, यंत्राला शिकवायला. चालेल काका?"

"चालेल की. पण एक अट." काका आता खुर्चीत मागे टेकून बसले होते. "लाँड्रीच्या कोपऱ्यावर तीन वर्षं म्हणतोय मी, खाली काहीतरी झिरपतंय. माझ्या तळपायाला थंड लागतं. पहिला कान तिथे लावायचा."

दुपारीच गेले. गाठोडं बरोबर होतं, कारण ते पाळणाघरातून पुन्हा सुटलं होतं. रस्त्यातलं झाकण उचलून कान पाइपावर बसवला आणि तिने हेडफोन लावला. आधी रस्त्याची घरघर, मग त्याखाली एक बारीक, न थांबणारी सुरसुर, दूध उतू जाण्याआधी येते तशी. तिने हेडफोन काकांच्या कानांवर चढवला.

काका डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. "हीच," ते म्हणाले. "तीन वर्षं हीच बया."

मुकादमाने खणलं तेव्हा हातभरावरच चिखल लागला. त्याने वर पाहिलं आणि झाडाचं काही विचारलं नाही. घरी सासूबाईंनी दोघींचे चिखलाचे पाय बघितले आणि कपाळावर हात मारला.

"काय ग, पालिकेने काढून घेतलं का काही?"

"नाही आई. एक काका दिले."

"काका?" सासूबाईंनी गाठोड्याला बादलीत उभं केलं. "बरं झालं. निदान कुणीतरी मोठं माणूस आहे तिथे."